‘माझ्या मुलाला सवलत नको’

पत्राचा सारांश: मुलुंडला राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगा नववीत, चौदा वर्षांचा. तोंडी विचारलं तर इतिहासातली लढाई तारखेसकट सांगतो, लिहायला बसला की अक्षरं उलटसुलट होतात आणि पेपर अर्धा राहतो. शाळेतल्या समुपदेशक मॅडमच्या सांगण्यावरून तपासणी करून घेतली. खासगी मानसशास्त्रज्ञांच्या अहवालात डिसलेक्सिया (वाचनातली अडचण) आणि डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) निघाला. शाळा म्हणते, सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयातून सर्टिफिकेट आणा, म्हणजे दहावीला कन्सेशन (जादा वेळ, विषयात सूट अशी परीक्षेतली सवलत) मिळेल. नवऱ्याचा ठाम नकार आहे. त्यांचं शिक्षण ईबीसीच्या (आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना मिळणाऱ्या फीमाफीच्या) सवलतीवर झालं आणि दरवर्षी वर्गात त्यांचं नाव मोठ्याने वाचलं जायचं. ‘कुणाची मेहेरबानी नको. आज गणित सोडेल, उद्या सगळंच सोडेल. सवलतीवर पास झालेला म्हणून आयुष्य काढायचं का त्याने?’ असं ते विचारतात. सासूबाई म्हणतात, लोक पैसे देऊन सर्टिफिकेटं आणतात, आपण त्यातले नव्हे. आणि आता मुलगाच म्हणू लागलाय, ‘मला नको कन्सेशन, पोरं एलडी म्हणून चिडवतात.’ (एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता.) घरात रोज वाद होतो. ‘मी माघार घेऊ, की यांना न सांगता सर्टिफिकेट काढून आणू?’ असं या आई विचारतात.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात ‘कन्सेशन’ हा शब्द पुन्हापुन्हा येतो आणि दर वेळी त्याचा अर्थ बदललेला असतो. शाळेच्या लेखी कन्सेशन म्हणजे जादा वेळ आणि एक फॉर्म. तुमच्या यजमानांच्या लेखी ते उपकाराचं ओझं आहे. सासूबाईंना त्यात पळवाट दिसते, मुलाला टोपणनाव ऐकू येतं. आणि शेवटी तुम्ही स्वतःबद्दल विचारता तेव्हा तुमच्या डोक्यात असते माघार. चार माणसं एकच शब्द घेऊन चार निरनिराळ्या गोष्टींवर भांडताहेत, म्हणून वाद संपत नाही. हे अर्थ आधी सुटे करून बघू.

सवलत घेणं तुमच्या घराला नवीन नाही. मुंबईत कॉलेजला जाणाऱ्या कुणालाही ‘कन्सेशन काढलंस का?’ असं विचारा, तो रेल्वेच्या पासाबद्दलच बोलेल. कॉलेजच्या ऑफिसातून फॉर्म घ्यायचा, शिक्का मारून घ्यायचा, मुदत संपायच्या आत खिडकीवर जाऊन पास काढायचा. यात कुणाची मान खाली जात नाही. तुम्ही लिहिलंय की यजमानांचं कॉलेजही लोकलने झालं. त्यांनीही ही रांग लावली असणार. तुम्ही एसटीने गावी जाता तेव्हा मार्च 2023 पासून तुम्हाला अर्धंच तिकीट पडतं. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या असतील, तर ऑगस्ट 2022 पासून त्यांचा एसटीचा प्रवास फुकट आहे, पासष्टच्या पुढच्या असतील तर अर्ध्या तिकिटात. आधार कार्ड पुढे करताना त्यांना अपमान वाटत नसेल, आणि वाटूही नये.

मग याच कन्सेशनचा घरात इतका जाच का? माझा अंदाज असा आहे की पासाची सवलत वयावर किंवा कॉलेजच्या ओळखपत्रावर मिळते, माणसाच्या बुद्धीबद्दल ती काही बोलत नाही. परीक्षेतली सवलत मात्र आपल्याकडे लगेच ‘पोरगं कमी आहे’ अशी वाचली जाते. म्हणजे दुखणं सवलतीचं नाही, तिच्यामागच्या त्या समजुतीचं आहे. ती समजूत चुकीची आहे. डिसलेक्सियात वाचनाची आणि अक्षरं ओळखण्याची प्रक्रिया अवघड जाते, डिसग्राफियात लिहिण्याची. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. उलट निदान करताना बुद्ध्यांक तपासतात तो बुद्धीची अडचण नाही याची खात्री करायला. ऐकणं आणि दिसणं ठीक आहे ना, हेही बघतात. तुमच्या हातातल्या अहवालात बुद्ध्यांकाचा आकडा असेलच. तो यजमानांनी स्वतः वाचला आहे का? नसेल तर पुढच्या वादाआधी त्यांना तेवढं पान वाचायला द्या.

‘मेहेरबानी नको’ या त्यांच्या म्हणण्याकडे मी थोडं जास्त थांबून बघणार आहे, कारण काही सवलती खरोखरच देणाऱ्याच्या मर्जीवर असतात. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात सूट होती, साठीपुढच्या पुरुषांना 40 टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना 50 टक्के. करोनाच्या सुरुवातीला, 20 मार्च 2020 पासून ती बंद झाली आणि पुन्हा सुरू झालीच नाही. देणाऱ्याने दिली, देणाऱ्याने काढून घेतली. दुकानदाराने केलेली सूटही याच जातीची.

तुमच्या मुलाला मिळू शकणारी गोष्ट या जातीची नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे, त्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. त्या कायद्याच्या कलम 17 मध्ये लिहिलंय की अशा विद्यार्थ्यांसाठी परीक्षा पद्धतीत योग्य बदल करायचे, म्हणजे जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. ही जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकलेली आहे. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात अशी दोन प्रकरणं आली. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयाने फेब्रुवारीत सांगितलं की लेखनिकाचा हक्क 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांपुरता बांधता येणार नाही. नोव्हेंबरमधलं प्रकरण तुमच्या मुलाच्या आणखी जवळचं आहे. डिसग्राफिया असलेल्या एका मुलीला नीटच्या परीक्षेत जादा वेळ मिळाला नव्हता, आणि न्यायालय तिच्या बाजूने उभं राहिलं. यजमानांना नको असलेली मेहेरबानी इथे कुणी करतच नाहीये. हक्काच्या गोष्टीला आपण सवयीने ‘सवलत’ म्हणतो आणि त्या नावामुळे ती भीक वाटायला लागते.

आता ईबीसीची गोष्ट. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सुरू झालेल्या त्या योजनेमुळे महाराष्ट्रातली किती घरं पहिल्यांदा मॅट्रिकच्या पुढे गेली, हे आपल्या आधीच्या पिढीला विचारावं. त्याआधी गरीब मुलांना फीमाफीसाठी ‘नादारी’ मिळायची, ते नावच अंगावर यायचं. तुमच्या यजमानांचं शिक्षण त्या सवलतीने झालं, आणि तरी आठवण राहिली ती नाव वाचलं जाण्याची. ही आठवण खोटी नाही आणि तिला ‘जुनं काय धरून बसलात’ म्हणून उडवू नका. फी माफ झाली याचा त्यांना त्रास नव्हता. चाळीस पोरांसमोर उभं राहावं लागलं, याचा होता. दिलेली गोष्ट चांगली होती, देण्याची रीत वाईट होती. एवढं दोघांनी मिळून बोललात तर तुम्हाला शाळेत जाऊन मागायचं काय, ते आपोआप कळेल. नाव वर्गात वाचलं जाणार नाही, वेगळ्या खोलीत बसवायचं असेल तर आधी सांगितलं जाईल, शिक्षक वर्गासमोर ‘तुला काय, तुझं कन्सेशन आहे’ असं म्हणणार नाहीत. हे मागायला यजमानांनी स्वतः जावं असं मला फार वाटतं. त्यांच्याइतकं ते नेमकं कुणाला मांडता येणार?

त्यांच्या दुसऱ्या भीतीत मात्र तथ्य आहे, आणि ते तुम्ही मोकळेपणाने मान्य करावं. ‘आज गणित सोडेल, उद्या सगळंच.’

शाळा ‘कन्सेशन’ म्हणून एकच शब्द वापरते, पण आत बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी असतात. जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेतून सूट, नेहमीच्या गणिताऐवजी खालच्या इयत्तेच्या पातळीचं गणित. यातलं काय मिळेल हे मुलाच्या सर्टिफिकेटवर आणि मंडळाच्या नियमांवर ठरतं, पण मिळतंय ते सगळं घ्यायलाच हवं असं नाही. काही सवलती मुलाला ते काम करू देतात. काहींमुळे ते काम करावंच लागत नाही. पहिल्या प्रकारच्या निःसंकोच घ्याव्यात. दुसऱ्या प्रकारच्या घेण्याआधी पुढच्या पाच वर्षांचा विचार करावा.

जादा वेळ पहिल्या प्रकारात येतो. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं सांगितली आहेत. त्या हिशेबाने तीन तासांच्या भाषेच्या पेपराला एक तास, दोन तासांच्या विज्ञानाला 40 मिनिटं. प्रश्न तेच, पेपर तोच, तपासणीही तीच. इतिहासाच्या पेपरात इतिहास तपासायचा असतो, लिहिण्याचा वेग नाही. तुमचा मुलगा ती लढाई तोंडी सांगतोच आहे, ती कागदावर उतरवायला त्याला जास्त वेळ लागतो, इतकंच. लेखनिकाचंही तसंच, पण तिथे एक अडचण असते आणि ती फार पालकांना परीक्षेच्या दिवशीच कळते. दुसऱ्याला सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. वाक्य डोक्यात पूर्ण करायचं, विरामचिन्हांसकट सांगायचं, आकृतीला कुठे कसं नाव द्यायचं ते बोलायचं. त्याची तयारी नववीतच सुरू करावी लागते, निदान सहा-आठ पेपर तसे सोडवावे लागतात. डिसग्राफिया किती तीव्र आहे त्यावर लेखनिक लागेल की नुसता वेळ पुरेल ते ठरेल. मला विचाराल तर वेळेवर भागत असेल तर स्वतःच्या हाताने लिहू द्यावं. त्याला स्वतःलाही त्यात बरं वाटेल.

भाषेची सूट मधली आहे. मुंबईतल्या मुलाच्या कानावर मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही दिवसभर पडत असतात. एका भाषेचा लेखी पेपर नाही दिला म्हणून ती भाषा त्याच्यापासून जात नाही, आणि त्या विषयाचा वाचलेला वेळ बाकीच्या विषयांना मिळतो. मी ही सूट घेईन, फक्त ती मराठीतून घेऊ नका असा आग्रह धरेन, कारण त्याच्या आजीशी, गावाशी, घरातल्या सगळ्या बोलण्याशी तो त्याच भाषेने जोडलेला आहे. हे माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

गणित सोडणं हा मात्र मोठा निर्णय आहे. बीजगणित-भूमिती सोडली की पुढे गणित लागणाऱ्या शाखांचा रस्ता जवळजवळ बंद होतो, आणि चौदाव्या वर्षी कुणाला माहीत असतं की आपल्याला काय व्हायचंय? शिवाय तुमच्या अहवालात डिसकॅल्क्युलिया, म्हणजे गणितातली अक्षमता, लिहिलेली नाही. तुमच्या मुलाची अडचण शाब्दिक उदाहरण वाचण्याची असेल, गणित करण्याची नाही. तेव्हा यजमानांना आजच सांगून टाका, ‘गणित सोडायचं नाही, यावर मी तुमच्याशी सहमत आहे.’ ही माघार नाही. त्यांचं जे खरं आहे ते खरं म्हणणं आहे. बघा, त्या एका वाक्याने पुढच्या बोलण्याचा सूर बदलतो की नाही.

सासूबाईंचा मुद्दा दोन ओळींत संपवण्यासारखा आहे. खोटी सर्टिफिकेटं काढणारे असतात, आणि त्याच कायद्यात अशा फसवणुकीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. पण खोटेपणा करणाऱ्यांमुळे खऱ्या गरजेच्या मुलाने पेपर अर्धा सोडून यावं, हा न्याय कुठला? पालिकेच्या रुग्णालयात होणारी तपासणी बरीच तपशिलातली असते, एका दिवसात उरकत नाही. सासूबाईंना एखाद्या वेळी सोबत न्या. बाहेर बाकावर बसलेली बाकीची आई-बाबा मंडळी त्यांना भेटतील.

मुलाचं म्हणणं मी शेवटी घेतलं, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. ‘मला नको’ हे त्याचं स्वतःचं मत आहे, की रोजच्या भांडणाला कंटाळून त्याने बाबांची बाजू घेतली आहे? चौदा वर्षांच्या मुलाला घरातली शांतता फार मोलाची वाटते. भांडण आपल्यामुळे होतंय हे कळलं की तो हातातलं सोडून देतो. त्याच्याशी तुम्ही दोघांनी वेगवेगळं नाही, एकत्र बोला, आणि त्याच्यासमोर या विषयावर वाद घालणं आजपासून बंद करा. त्याला हेही सांगा की हा आजार नाही, तो ‘बरा’ होण्याची वाट बघायची नसते. वाचण्या-लिहिण्याची त्याची रीत आयुष्यभर थोडी वेगळी राहील आणि योग्य सरावाने ती पुष्कळ सोपी होईल. हा सराव म्हणजे रेमेडियल शिक्षण. कन्सेशन मिळालं की बरेच पालक तो थांबवतात, तसं करू नका. जादा वेळाने पेपर पूर्ण होतो, वाचन सुधारत नाही.

चिडवण्यावर मला एकच उपाय चालताना दिसतो, तो म्हणजे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येणारं एक उत्तर असणं. ‘मला लिहायला वेळ लागतो, म्हणून जास्त वेळ देतात.’ बस. लांबण लावायची नाही, लपवायचंही नाही. घरी दोन-चार वेळा म्हणून बघा.

आणि त्याला स्वतःला ठरवू द्यायचं असेल तर एक करून बघा. मंडळाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांपैकी इतिहासाच्या दोन घ्या. एक रविवारी ठरलेल्या दोन तासांत, दुसरी पुढच्या रविवारी दोन तास 40 मिनिटांत. शाळेतल्या एखाद्या शिक्षकांना दोन्ही तपासायला द्या, कुठली कशी लिहिली ते न सांगता. निकाल तिघांनी एकत्र बसून बघा. फरक पडला नाही तर यजमानांचं बरोबर ठरेल आणि ते तुम्ही मान्य करायचं. पडला तर त्यांनी. आपण दोघं आत्ता अंदाजावर भांडतोय, हे त्यांना पटायला याहून सोपी वाट मला दिसत नाही.

राहता राहिलं ‘न सांगता सर्टिफिकेट काढू का?’ नको. कायद्याने अडेल म्हणून नाही. ते उघडकीला येईल तेव्हा मुलाच्या डोक्यात बसेल की आपल्याबद्दलची ही गोष्ट लपवण्यासारखीच होती. पण यजमानांचं मन वळेपर्यंत वाट बघत बसू नका. शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा नायर इथल्या अध्ययन अक्षमता विभागात नाव नोंदवा आणि ते त्यांना सांगून नोंदवा. ‘नाव नोंदवलंय, तारीख यायला वेळ लागेल, तोवर आपण बोलू, नको ठरलं तर रद्द करू.’ तारीख मिळायला आणि तपासणीच्या फेऱ्यांना अनेकदा महिने जातात. शाळेमार्फत मंडळाकडे प्रस्ताव जायचा असतो, तो दहावीच्या वर्षात अगदी शेवटाला गेला तर धावपळ होते. मुलाचं वय चौदा आहे, हेही सोयीचं आहे. या सर्टिफिकेटसाठी किमान वय आठ आहे, आणि लहानपणी काढलेलं असलं तरी चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी लागते, मग अठराव्या. तुमची एक फेरी वाचली. ज्यांची मुलं तिसरी-चौथीत आहेत आणि हाच त्रास दिसतोय, त्यांनी मात्र दहावीची वाट बघू नये. शाळेच्या अंतर्गत परीक्षांतही ही मदत मागता येते आणि रेमेडियलचा उपयोग लहान वयात जास्त होतो.

जाताना नेण्याचं सांगते. खासगी अहवालाची मूळ प्रत, शाळेचं पत्र, गेल्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका, आणि मुलाच्या दोन-चार वह्या. वह्या बहुतेक पालक विसरतात. डॉक्टरांना त्याच सगळ्यात उपयोगी पडतात, म्हणून त्या नीटनेटक्या करून, पुन्हा लिहून घेऊन नेऊ नका. आहेत तशा न्या. सर्टिफिकेट हातात आलं तरी ते वापरायचंच असं बंधन नाही. कुठल्या विषयाला वेळ घ्यायचा, लेखनिक घ्यायचा की नाही, हे प्रस्ताव भरताना तुमच्या मुलाला विचारून ठरवा, आणि त्या फॉर्मवर सही यजमानांची होऊ द्या.